फ्रेंच साहित्यातलं प्रेम आणि मरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि फ्रेंच पुस्तकांवर मराठीत लिहिते. वाचकांच्या पत्रांत काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यातले निवडक इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठलंही उत्तर आधी वाचलं तरी चालेल. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक आधीच सांगते, कथांचे शेवट सांगितल्याशिवाय या विषयावर बोलताच येत नाही.

१. फ्रेंच प्रेमकथेत शेवटी कुणीतरी मरतंच. असं का?

मरतंच असं नाही. कुणीही न मरणारी एक थोर शोकांतिका प्रश्न १० मध्ये आहे. पण अशा कथा फार आहेत, हे खरं.

माझं मत असं, की या लेखकांचा जीव मरणाच्या प्रसंगापेक्षा मागे उरलेल्या माणसात जास्त अडकलेला असतो. धाकट्या अलेक्सांद्र द्यूमाची 'ला दाम ओ कामेलिया' ही कादंबरी (१८४८) बघा. ती सुरू होते तेव्हा नायिका वारलेली आहे आणि तिच्या घरातल्या सामानाचा लिलाव व्हायचा आहे. पॅरिसमधल्या प्रतिष्ठित बायका तिचे पलंग, आरसे, चांदीची भांडी बघायला गर्दी करतात. ती जाणार की वाचणार, हा प्रश्न लेखकाने पहिल्याच पानांत निकालात काढला. आता उरतो तो तिच्यावर प्रेम करणारा माणूस, आणि त्या प्रेमाचं तो पुढे काय करतो हा प्रश्न. ही नजर एकदा आली की या कथा रडक्या वाटत नाहीत. गेलेल्याकडे पाहून झालं की राहिलेल्याकडे पाहा, एवढंच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

२. हे सगळं सुरू कुठून झालं?

बाराव्या शतकात, त्रिस्तां आणि इझ्यू यांच्या कथेपासून. त्याआधी प्रेमात कुणी मेलं नाही असं नाही, पण फ्रेंच भाषेत प्रेम आणि मरण या जोडीला जो साचा मिळाला तो इथे. बेरूल आणि तोमा या दोन कवींच्या रचना सर्वांत महत्त्वाच्या, आणि दोन्ही आज अपुऱ्याच मिळतात. आपण जी सलग कथा वाचतो ती जोझेफ बेदिए या अभ्यासकाने १९०० साली जुन्या तुकड्यांतून जुळवलेली आहे.

राजा मार्कसाठी त्याचा भाचा त्रिस्तां वधू आणायला जातो. परतताना जहाजावर दोघं चुकून प्रेमाचा काढा पितात, तो काढा राजा-राणीसाठी होता. बेरूलच्या कथेत त्या काढ्याचा असर तीन वर्षांनी उतरतो. तोमाच्या कथेत तो कधीच उतरत नाही. एकाच कथेत एवढा मोठा फरक आहे आणि तिथूनच पुढची सगळी वादावादी सुरू होते, प्रेम म्हणजे अंगात चढलेलं काहीतरी की आपण स्वतः पत्करलेलं?

शेवट तोमाने सांगितला तो असा. विषारी भाल्याने जखमी झालेला त्रिस्तां अंथरुणाला खिळला आहे. फक्त इझ्यू त्याला बरं करू शकते. तिला आणायला माणूस गेला आहे, ती आली तर जहाजाला पांढरं शीड आणि नाही आली तर काळं, असं ठरलं आहे. त्रिस्तांची बायको, तिचंही नाव इझ्यूच, भिंतीआडून हे सगळं ऐकते. जहाज दिसतं. शीड पांढरं असतं. ती सांगते, काळं आहे. त्रिस्तां भिंतीकडे तोंड फिरवतो आणि प्राण सोडतो. इझ्यू किनाऱ्यावर उतरते तेव्हा गावातल्या घंटा वाजत असतात. ती त्याच्याशेजारी आडवी होते आणि तिथेच मरते.

काढा, भाला, राजा यांतलं कशानेही मरण आलं नाही. एका दुखावलेल्या बायकोच्या एका शब्दाने आलं. मागे तीच उरली, आणि तिच्याबद्दल विचारणारं पत्र मला अजून आलेलं नाही.

३. फ्रेंचमध्ये प्रेम आणि मरण हे शब्द सारखे ऐकू येतात, म्हणून कवींनी ते जोडले, हे खरं का?

सारखेपणा आहे. प्रेम म्हणजे 'लामूर', मरण म्हणजे 'ला मोर'. पण नुसत्या यमकावर आठशे वर्षांची परंपरा उभी राहत नाही. कवींनी त्या सारखेपणाचा उपयोग मात्र जाणूनबुजून केला.

सर्वांत प्रसिद्ध ओळ रोंसारची. १५७८ साली आलेल्या 'एलेनसाठी सुनीतं' या संग्रहाच्या शेवटी तो सांगतो, की मी एलेनसाठी प्रेमाची सुनीतं गात होतो त्याच महिन्यात माझा राजा वारला. तो राजा म्हणजे १५७४ मध्ये गेलेला नववा शार्ल. कवितेची अखेरची ओळ आहे, 'कार लामूर ए ला मोर नेक्यून मेम शोझ'. म्हणजे, कारण प्रेम आणि मरण ही एकच गोष्ट आहे. कर्ते दोन आहेत, पण क्रियापद रोंसारने एकवचनी ठेवलं आहे. दोन्ही खरोखर एकच असतील तर 'आहेत' कशाला म्हणायचं? वर्गात ही ओळ फळ्यावर लिहिली की कुणीतरी हमखास म्हणतं, मॅडम, इथे व्याकरण चुकलंय.

याहून जुना आणि मला जास्त आवडणारा खेळ तोमाच्या त्रिस्तांमध्ये आहे. जहाजावर काढा पोटात गेल्यावर इझ्यू म्हणते, मला 'लामेर'चा त्रास होतोय. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे तीन अर्थ निघतात: समुद्र, कडूपणा आणि प्रेम करणं. समुद्र लागला असेल, तोंड कडू झालं असेल, की आणखी काही? त्रिस्तांला कळत नाही. ती एकेक अर्थ बाजूला काढते आणि शेवटी एकच शिल्लक राहतो. प्रेमाची कबुली इतक्या लाजऱ्या आणि इतक्या हुशार रीतीने दिलेली मी फार कमी ठिकाणी वाचली आहे. मराठीत हे आणता येत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

४. अबेलार आणि एलोईझ ही खरी माणसं होती का? मग ती साहित्यात कशी?

खरी होती. पिएर अबेलार हा बाराव्या शतकातला पॅरिसचा नावाजलेला तत्त्वज्ञ आणि एलोईझ ही त्याची विद्वान विद्यार्थिनी. प्रेम जडलं, मूल झालं, गुपचूप लग्न झालं. तिच्या काकाने सूड म्हणून माणसं पाठवून अबेलारचं खच्चीकरण करवलं. तो मठात गेला आणि त्याच्या सांगण्यावरून तीही जोगीण झाली. पुढे त्यांची जी पत्रं झाली ती लॅटिनमध्ये आहेत, तरी फ्रेंच साहित्य ती आपलीच मानतं. रूसोने १७६१ च्या आपल्या कादंबरीला 'नवी एलोईझ' हे नाव दिलं ते तिच्यामुळेच.

अबेलार ११४२ मध्ये वारला. एलोईझ त्यानंतर वीसहून अधिक वर्षं जगली, तीही एका मठाची प्रमुख म्हणून, हिशेब आणि शिस्त सांभाळत. तिला त्याच्याशेजारी पुरलं, तेव्हा त्याने तिला कवेत घ्यायला हात पसरले अशी आख्यायिका आहे. १८१७ मध्ये दोघांचे अवशेष पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत हलवले. दगडी छत्रीखाली शेजारी शेजारी पहुडलेल्या दोन मूर्ती आजही तिथे आहेत.

५. मला जेमतेम फ्रेंच येतं. मुळातून काय वाचू?

व्हिक्तोर ह्युगोची 'दमँ, दे लोब' म्हणजे 'उद्या, पहाटेच' ही कविता. फक्त बारा ओळी आहेत आणि शब्द सोपे आहेत. दुसऱ्या पातळीचं फ्रेंच पुरतं.

शब्दकोश जवळ ठेवा, पण कवितेबद्दल आधी काही वाचू नका. (म्हणजे आता पुढचा परिच्छेदही वाचू नका, कविता वाचून परत या.)

उद्या पहाटे मी निघेन, तू वाट पाहते आहेस मला ठाऊक आहे, असं म्हणत एक माणूस चालायला लागतो. रान ओलांडतो, डोंगर ओलांडतो. आजूबाजूला बघत नाही. पाठ वाकलेली, हात एकमेकांत गुंतलेले. प्रियकर प्रेयसीला भेटायला निघाला आहे असंच आठ ओळी वाटत राहतं. शेवटी तो पोचतो आणि तिच्या कबरीवर हिरव्या हॉलीचा आणि फुललेल्या हेदरचा गुच्छ ठेवतो.

ती त्याची मुलगी होती, लेओपोल्दीन. ४ सप्टेंबर १८४३ रोजी व्हिल्किए गावाजवळ सेन नदीत होडी उलटली आणि ती बुडाली. वय १९. लग्नाला सात महिने झाले होते. तिला वाचवायला धडपडणारा तिचा नवरा शार्ल व्हाकरी हाही बुडाला. ह्युगो तेव्हा स्पेनहून परतत होता. रोशफोर गावात थांबला असताना त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि मुलीच्या मृत्यूची बातमी त्यात वाचली. कविता छापली १८५६ मध्ये, आणि तिच्याखाली तारीख घातली ३ सप्टेंबर १८४७. म्हणजे कवितेतला 'उद्या' हा तिचा स्मृतिदिन.

प्रेम म्हटलं की आपण स्त्री-पुरुषांचंच धरून चालतो. या परंपरेत बाप-लेकीचं प्रेमही तेवढ्याच ताकदीने आलं आहे, आणि आई-मुलीचंही. सिमोन द बोव्हारने आईच्या अखेरच्या आठवड्यांवर लिहिलेलं छोटं पुस्तक (१९६४) त्यानंतर वाचा.

६. दर वेळी नायिकाच का मरते? याचा राग येतो.

मलाही येतो. हा प्रश्न विचारणाऱ्यांत तरुण मुली जास्त आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही.

तीन कादंबऱ्या शेजारी ठेवा. प्रेव्होची 'मानों लेस्को' (१७३१), मेरिमेची 'कारमेन' (१८४५) आणि द्यूमाची 'ला दाम ओ कामेलिया'. तिन्हींत बाई मरते. तिन्हींत तिची गोष्ट तिचा प्रियकर सांगतो. आणि तिन्हींत तो ती दुसऱ्या एका पुरुषाला सांगतो. दे ग्रिय एका प्रवाशाला सांगतो, डॉन होझे फाशीच्या आदल्या दिवशी एका अभ्यासकाला सांगतो, आर्मां आजारपणातून उठता उठता लेखकाला सांगतो. मानों खरोखर कशी होती हे आपल्याला कधीच कळत नाही. कळतं ते फक्त तो तिच्यासाठी किती रडला.

हे सगळं मान्य करूनही मानोंच्या मरणाचं पान मला सोडवत नाही. लुइझियानामध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या पलीकडच्या उजाड माळावर ती त्याच्या हातांत मरते. तो चोवीस तासांहून जास्त वेळ तिच्या चेहऱ्याला आणि हातांना ओठ लावून पडून राहतो. मग जनावरं तिला ओढून नेतील या भीतीने उठतो. खणायला काही नसतं. तलवार मोडून तिने उकरू लागतो, पण शेवटी हातच जास्त कामाला येतात. वाळू असते म्हणून खड्डा होतो. आपल्या अंगावरचे कपडे तो तिच्याभोवती गुंडाळतो. इतका वेळ भरभरून बोलणारा माणूस इथे मोजकं बोलतो, आणि म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

आता बायकांनी लिहिलेलं बघा. मादाम द लाफायेतच्या कादंबरीत पुरुष मरतो आणि बाई स्वतःचा निर्णय स्वतः घेते (प्रश्न ११). कोलेतच्या 'शेरीचा शेवट' (१९२६) मध्ये देखणा, तरुण शेरी स्वतःला संपवतो. त्याच्याहून कितीतरी मोठी असलेली त्याची जुनी प्रेयसी लेआ मात्र केस पिकलेली, अंगाने सुटलेली, मजेत हसत जगत असते, आणि शेरीला तेच सहन होत नाही. मार्गरीत द्युरासच्या 'प्रियकर' (१९८४) मध्ये म्हातारी झालेली बाई स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगते आणि कुणाला मारायची गरजही पडत नाही. लेखणी कुणाच्या हातात आहे, यावर कोण मरणार हे बरंच अवलंबून असतं.

७. 'ला दाम ओ कामेलिया' मधली मार्गरित खरी होती का?

तिच्यामागे एक खरी स्त्री होती. मारी द्युप्लेसी, द्यूमाची काही काळची प्रेयसी, फेब्रुवारी १८४७ मध्ये क्षयाने वारली, वय २३. कादंबरी पुढच्याच वर्षी आली, नाटक १८५२ मध्ये, आणि १८५३ मध्ये व्हेर्दीने त्यावरून 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा केला. तिची कबर मोंमार्त्रच्या दफनभूमीत आहे.

क्षयाने या काळच्या साहित्यात मरणाला एक फिकट, सुंदर चेहरा दिला. खरा क्षय तसा नसतो, हे आपल्याकडच्या घरांना वेगळं सांगायला नको.

८. एम्मा बोव्हारी प्रेमापायी मेली, बरोबर?

नाही. ती कर्जापायी मेली.

फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' बहुतेकजण चित्रपटातून किंवा सारांशातून ओळखतात, आणि सारांशात हुंड्या गळून जातात. एम्मा गावातल्या कापडाच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर कपडे, पडदे, भेटवस्तू घेत जाते. जुन्या हुंडीवर नवी हुंडी चढत जाते. एक दिवस कोर्टाचा कागद येतो, चोवीस तासांत आठ हजार फ्रँक भरा. ती दारोदार फिरते. जुना प्रियकर रोदोल्फकडे तीन हजार मागते आणि तो शांतपणे म्हणतो, माझ्याकडे नाहीत. विष ती त्यानंतर घेते. प्रेम तिला मारत नाही, प्रेमाच्या ज्या कल्पना पुस्तकांतून तिच्या डोक्यात भरल्या होत्या त्यांचं बिल तिला मारतं.

प्रेमाने खरोखर मरतो तो तिचा नवरा, शार्ल. वाचणारा ज्याला पुस्तकभर मठ्ठ समजत आलेला असतो, तोच. ती गेल्यावर त्याला तिची प्रियकरांची पत्रं सापडतात. पुढे रोदोल्फ भेटतो, तेव्हा शार्ल त्याला म्हणतो, दोष नशिबाचा आहे. दुसऱ्या दिवशी तो बागेतल्या मांडवाखालच्या बाकावर जाऊन बसतो. द्राक्षवेलीच्या पानांच्या सावल्या वाळूवर पडलेल्या असतात. संध्याकाळी सात वाजता त्याची लहान मुलगी बेर्त त्याला जेवायला बोलवायला येते. त्याचं डोकं मागे भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले, तोंड उघडं, हातात काळ्या केसांची एक लांब बट. बाबा, चला ना, म्हणत ती त्याला हलकेच ढकलते. तिला वाटतं तो खेळतोय. तो जमिनीवर पडतो.

डॉक्टर शव उघडून बघतो, आत काही सापडत नाही. सगळं विकून झाल्यावर १२ फ्रँक ७५ सांतिम उरतात, ते बेर्तला आजीकडे पाठवण्यात जातात. आजीही त्याच वर्षी मरते. मग एक गरीब आत्या तिला सांभाळते आणि पोटासाठी सूतगिरणीत कामाला पाठवते. प्रेम आणि मरण संपल्यावर फ्लोबेर आपल्याला त्या मुलीपर्यंत घेऊन येतो.

९. १८५७ मध्ये या पुस्तकांवर खटले का झाले?

सार्वजनिक आणि धार्मिक नीतिमत्तेला धक्का लावल्याच्या आरोपावरून. वर्षाच्या सुरुवातीला फ्लोबेरवर आणि ऑगस्टमध्ये बोदलेरच्या 'पापाची फुलं' या संग्रहावर. सरकारी वकील दोन्ही वेळा एकच, एर्नेस्त पिनार. मरणासन्न एम्माला पाद्री शेवटचा तैलसंस्कार देतो त्या प्रसंगावरही त्याचा आक्षेप होता. पवित्र विधी आणि देहसुख एकाच पानावर आलेलं त्याला खपलं नाही.

फ्लोबेर सुटला. बोदलेरला ३०० फ्रँक दंड झाला आणि सहा कविता काढाव्या लागल्या. त्या सहांवरचा तो निकाल थेट १९४९ मध्ये रद्द झाला. 'प्रेमिकांचं मरण' हे त्याचं सुनीत त्या सहांत असावं असं अनेकांना वाटतं, पण ते नव्हतं. त्यात कबरींसारखी खोल आसनं आहेत, दोन मशालींसारखी दोन हृदयं आहेत, आणि शेवटी दार किलकिलं करून आत येणारा एक देवदूत विझलेल्या ज्योती पुन्हा पेटवतो. मरणाचं इतकं मृदू चित्र बोदलेरकडून कुणी अपेक्षित धरत नाही.

१०. कुणीच न मरणारी फ्रेंच शोकांतिका आहे का?

आहे. रासीनचं 'बेरेनिस' (१६७०).

तित्युस रोमचा सम्राट झाला आहे. राणी बेरेनिसवर त्याचं प्रेम आहे आणि तिचं त्याच्यावर. पण परदेशी राणीशी सम्राटाने लग्न करणं रोमला मान्य नाही. पाच अंकांत घडतं ते एवढंच, की त्याने तिला हे सांगायचं आहे आणि त्याला ते सांगवत नाही. अखेर तिघंही, तिच्यावर मुकं प्रेम करणारा आंतिओक्युस धरून, मरणाच्या गोष्टी बोलतात. मग बेरेनिसच सगळ्यांना जगायला सांगते आणि निघून जाते. नाटकातला शेवटचा शब्द आंतिओक्युसचा आहे, 'एलास!' म्हणजे हाय!

प्रस्तावनेत रासीनने लिहिलं आहे, की शोकांतिकेत रक्त आणि प्रेतं असलीच पाहिजेत अशी काही गरज नाही. वियोग पुरतो. मला हे नाटक त्याच्याच 'फेद्र' या नायिकेच्या मरणाने संपणाऱ्या शोकांतिकेपेक्षाही कठीण जातं, कारण मेलेल्या माणसाची सुटका झालेली असते. हे तिघं उद्या सकाळी उठणार आहेत.

११. 'ला प्रँसेस द क्लेव्ह' मध्ये नवरा वारल्यावर ती मोकळी होते. मग प्रियकराशी लग्न का करत नाही?

१६७८ मध्ये मादाम द लाफायेतची ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली तेव्हापासून वाचक हेच विचारत आले आहेत.

मादाम द क्लेव्हचं मन नमूरच्या उमरावावर जडलेलं आहे, पण तिने काहीही वावगं केलेलं नाही. उलट नवऱ्याला तिने स्वतःच विश्वासाने सांगितलं आहे, की माझं मन दुसरीकडे ओढ घेतंय, मला दरबारापासून दूर ठेवा. तो नमूरवर पाळत ठेवतो. रात्री नमूर बागेत शिरला, एवढंच पाहून हेर परत येतो. पुढे काहीच घडलेलं नसतं, पण पूर्ण ऐकून घेण्याआधीच नवरा खचतो, तापाने फणफणतो आणि दुःखाने मरतो.

नमूरला नकार देताना ती दोन कारणं देते. पहिलं कर्तव्याचं, तुमच्यामुळे माझा नवरा गेला. समाजाला हे लगेच पटलं असतं. दुसरं ती त्याच्या डोळ्यांत बघून सांगते. तुमचं प्रेम टिकलं ते अडथळ्यांमुळे. लग्नानंतर ते संपेल, आणि ते संपताना मला बघायचं नाही. इथे मरणाची भीती माणसासाठी नाही, प्रेमासाठी आहे. मला ती भित्री वाटत नाही. स्वतःला एवढं ओळखणारी बाई सतराव्या शतकातल्या कादंबरीत भेटते याचंच नवल वाटतं.

१२. मी मॉरिशसची मराठी. शाळेत 'पॉल आणि व्हिर्जिनी' होतं. आमच्या बेटावरची ही गोष्ट खरी का?

जहाज खरं, प्रेमिक काल्पनिक. 'सँ-जेराँ' हे जहाज १७४४ मध्ये बेटाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, आंब्र बेटापाशी फुटलं. लेखक बेर्नार्दँ द सँ-पिएर १७६८ ते १७७० तिथे राहिला होता आणि कादंबरी त्याने १७८८ मध्ये छापली. तुमचे पूर्वज महाराष्ट्रातून, बरेचसे कोकणातून, ऊसमळ्यांवर गेले ते पुढच्या शतकात. तेव्हा या गोष्टीत ते नाहीत. तिच्यात आहेत ते गुलाम. दोन गोरी मुलं निसर्गाच्या कुशीत सुखात वाढतात, आणि त्यांच्याही घरी गुलाम राबत असतात. हे तुम्ही शाळेत वाचलं असेल तेव्हा कुणी बोललं नसेल, आता जरूर बोला.

प्रेमाचं म्हणाल, तर व्हिर्जिनीचं मरण मला कधीच पटलं नाही. किनारा समोर दिसतो आहे, पॉल लाटांत उड्या घेतो आहे, एक खलाशी तिला विनवतो आहे की जड कपडे काढ म्हणजे तुला पोहत नेतो. ती लाजेपायी मान फिरवते. एक हात कपड्यांवर, दुसरा छातीवर, आणि लाट येते. लेखकाला हे पावित्र्य वाटलं. एका मुलीला लाज जिवापेक्षा मोठी वाटावी असं ज्यांनी तिला शिकवलं, त्यांच्यावर माझा राग आहे.

१३. ही पुस्तकं आत्महत्येचं उदात्तीकरण करतात का? घरात किशोरवयीन मुलगी आहे.

काही करतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्हिन्यीचं 'चॅटर्टन' नाटक (१८३५) घ्या, गरीब तरुण कवीच्या मरणाला त्यात वलय आहे. फ्लोबेरने मात्र वलय ठेवलं नाही. एम्माचं मरण लांबलेलं, वेदनेचं, घाण आहे. ते लिहिताना आपल्याही तोंडाला विषाची चव आली होती, असं त्याने पत्रात लिहिलं आहे.

मुलीला पुस्तक देण्यापेक्षा तिच्याबरोबर वाचा. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा ती आतून मिटलेली वाटत असेल, तर ही पुस्तकं आत्ता नकोत. माझे वडील गेल्यावर मी स्वतः दीड वर्ष ह्युगोला हात लावला नव्हता. पुस्तकं थांबतात. काळजी वाटत असेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

१४. रोबेर देस्नोसने छळछावणीत मरताना लिहिलेली शेवटची कविता पाठवाल का?

पाठवते, पण ती त्याने मरताना लिहिलेली नाही.

कवी देस्नोस नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला पकडलं. छावण्यांमागून छावण्या सोसून ८ जून १९४५ रोजी, युद्ध संपल्यावर महिन्याभराने, चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझीनमध्ये तो टायफसने वारला. तिथे एका चेक विद्यार्थ्याने त्याला ओळखलं होतं. त्याच्या खिशात बायकोसाठी लिहिलेली शेवटची कविता सापडली, अशी गोष्ट पसरली.

घडलं ते असं. 'मी तुझी इतकी स्वप्नं पाहिली' ही त्याची कविता १९२६ ची, गायिका इव्होन जॉर्जवरच्या एकतर्फी प्रेमातून आलेली. तिच्या शेवटच्या ओळी त्याच्या मृत्यूनंतर एका चेक वर्तमानपत्राने चेकमध्ये छापल्या. कुणीतरी त्या चेकवरून परत फ्रेंचमध्ये आणल्या. जाता-येता शब्द बदलले आणि एक 'नवी' कविता तयार झाली.

खोटी असली तरी मला ती टाकवत नाही. पण मूळ कविताच वाचा. माणूस स्वप्नं बघून बघून सावल्यांतली एक सावली होतो, आणि ती सावली प्रेयसीच्या आयुष्याच्या सूर्यघड्याळावर आनंदाने फिरत राहते. ही ओळ त्याने पंचविशीत लिहिली होती, युरोपवर काय येणार आहे हे ठाऊक नसताना.

१५. माणूस मेल्यावर प्रेम उरतं, हे सगळ्यांनी लिहिलं. प्रेमच आधी मरतं, असं कुणी लिहिलं आहे का?

प्रूस्तने. 'हरवलेल्या काळाच्या शोधात' या त्याच्या अनेक खंडांच्या कादंबरीतला 'आल्बेर्तीन दिसेनाशी' हा भाग त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये आला.

आल्बेर्तीन निवेदकाला सोडून जाते. ती परत यावी म्हणून तो जिवाचं रान करतो, आणि तार येते, ती घोड्यावरून पडून मेली. नंतरची शेकडो पानं त्याचा शोक आहे. पण ही आल्बेर्तीन एकदाच मरत नाही. सकाळच्या उजेडातली वेगळी, समुद्रकाठची वेगळी, संशय आलेल्या रात्रीची वेगळी, आणि प्रत्येक आठवणीतली आल्बेर्तीन त्याला स्वतंत्रपणे मारावी लागते. मत्सरही संपत नाही. मेलेल्या मुलीने पूर्वी कुणाबरोबर काय केलं, याच्या चौकश्या तो माणसं पाठवून करतो. हळूहळू, त्याला नकळत, हे सगळं ओसरतं.

मग तो आईबरोबर व्हेनिसला जातो. तिथे हॉटेलात एक तार मिळते. मी जिवंत आहे, भेटायचं आहे, लग्नाबद्दल बोलायचं आहे, आणि खाली आल्बेर्तीनची सही. ज्या बातमीसाठी त्याने वर्षापूर्वी सर्वस्व दिलं असतं ती हातात आहे, आणि त्याला काहीच वाटत नाही. सही चुकीची वाचली गेली होती, तार दुसऱ्याच एका जुन्या मैत्रिणीची होती, हे पुढे कळतं. पण त्या वेळी त्याला ते ठाऊक नसतं. तो द्वारपालाला तार परत देतो आणि सांगतो, चुकून आली, माझी नव्हे. द्वारपाल म्हणतो, उघडली आहे, आता परत घेणं अवघड, तुम्हीच ठेवा. तो ती खिशात घालतो.